फेलोशिपचा अर्ज: ना-हरकत पत्र पहिल्याच दिवशी मागा

परदेशातल्या विद्यापीठीय संस्थेत अभ्यागत संशोधक म्हणून जायचं, तर सातारा-सांगलीकडच्या प्राध्यापकांचं घोडं प्रस्तावापेक्षा कागदांपाशी जास्त अडतं.

1. यजमान प्राध्यापकांना अर्ध्या पानाचा गोषवारा ईमेल करा. 'हळदीच्या व्यापाराचा इतिहास' हे फार मोघम झालं. 'हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) आणि सांगलीची हळदपेठ; त्यासाठी तुमच्याकडची अमुक कागदपत्रं' असं नेमकं लिहा. तिथंच का यायचं, हे त्या एका वाक्यातून कळायला हवं.

2. त्याच दिवशी प्राचार्यांकडे ना-हरकत पत्राचा अर्ज द्या. मसुदा आपणच टाइप करून जोडा: कधीपासून कधीपर्यंत, रजेचा प्रकार, पगारी की बिनपगारी. कोरा विनंतीअर्ज टेबलावर पडून राहतो, तयार मसुद्यावर सही लवकर होते. तरी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची मंजुरी लागत असेल तर महिनाभर हाताशी ठेवाच.

3. काही पोर्टलवर आपण अर्ज सबमिट केल्यावरच शिफारस देणाऱ्यांना लिंक जाते. म्हणून दहा दिवस आधी सबमिट करा आणि त्यांना फोन करून स्पॅम फोल्डरही बघायला सांगा.

निमंत्रणपत्र आणि ना-हरकत पत्र यांतल्या तारखा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. फरक दिसला की खुलासे मागितले जातात. मुदतीची वेळही तिथली असते: लंडनचे संध्याकाळचे 5 म्हणजे आपले हिवाळ्यात रात्रीचे 10:30, उन्हाळ्यात 9:30.