विशेष बी.एड. करायचंय? आधी शाखा ठरवा

दर वर्षी सीईटीचे अर्ज सुटले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "ताई, विशेष बी.एड. करावं का? नोकरी लागते का?" नोकरीचं पुढे सांगते. त्याआधी मी उलट विचारते, कुठल्या शाखेचं करणार? यावर बहुतेक जण गप्प होतात. "म्हणजे स्पेशलच ना?" असंही उत्तर मिळालेलं आहे.

तर मुळापासून सांगते. दिव्यांग मुलांना शिकवणारे शिक्षक घडवणारा हा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आपण सगळे जिला आरसीआय म्हणतो तिचा. 2015 पासून तो दोन वर्षांचा झाला. 80 श्रेयांक (क्रेडिट), 2000 तास. शाखा प्रवेशाच्या वेळीच घ्यावी लागते: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), बहुविकलांगता. जी घ्याल तिचं नाव पदवीवर आणि पुढे परिषदेच्या नोंदणीवरही राहतं. दोन वर्षांनी "आता जरा कर्णबधिरांना शिकवून बघते" म्हणायची सोय नाही.

एका महाविद्यालयात या सगळ्या शाखा असतील असं समजू नका. एखादी, फार तर दोन-तीन असतात. मग होतं काय, की घराजवळच्या कॉलेजात जी शाखा असेल ती आपली शाखा होऊन बसते. गाडीभाडं आणि हॉस्टेल परवडत नाही म्हणून असं करावं लागतं, हे मला मान्य आहे. मीही साताऱ्याहून मुंबईला आले ते मावशीचं घर होतं म्हणूनच. पण निदान काय घेतोय हे माहीत असू दे.

कारण कामं अगदी वेगवेगळी आहेत. दृष्टिदोष शाखेत तुम्हाला स्वतःला ब्रेल यावं लागतं. पाटीत कागद अडकवून स्टायलसने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. पहिले काही आठवडे मैत्रिणींची बोटं आणि डोकं दोन्ही दुखायचं. शिवाय टेलर फ्रेमवर (खाचांच्या पाटीवर) गणित, ॲबॅकस, पांढरी काठी घेऊन चालणं. श्रवणदोष शाखेत ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) वाचणं, श्रवणयंत्राची बॅटरी आणि कानात बसणारा मोल्ड तपासणं रोजचं. सकाळी वर्ग सुरू होण्याआधी बाई तोंड झाकून 'आ, ई, ऊ, म, श, स' असे सहा आवाज काढतात आणि मूल प्रत्येक आवाजाला ठोकळा टाकतं. एखाद्या आवाजाला हात हलला नाही तर आज यंत्रात काहीतरी गडबड आहे, हे तिथल्या तिथे कळतं. या शाखेसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था सगळ्यांना माहीत असते. अध्ययन अक्षमतेची मुलं बहुतेक सर्वसाधारण शाळांतच असतात. बोलायला चुणचुणीत, पण 'तलाव' वाचताना 'लताव' वाचणारी. इथे एकास एक बसून वाचन, लेखन, गणित घ्यायचं असतं, आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती, प्रमाणपत्रं, लेखनिक यांची माहिती पालकांना तुम्हीच द्यायची असते.

मी बौद्धिक अक्षमता घेतली. त्यामुळे पुढचं सगळं त्या बाजूने सांगतेय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

थिअरीबद्दल फार लिहीत नाही. मानसशास्त्र, अध्यापनपद्धती, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, त्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार (1995 च्या कायद्यात सातच होते). पाठ होतं, परीक्षेत लिहिता येतं. दमवतं ते प्रात्यक्षिक, आणि शिकवतंही तेच. आधी आपल्या शाखेच्या विशेष शाळेत, मग दुसऱ्या एखाद्या दिव्यांगत्वाच्या शाळेत, मग समावेशित वर्गात, म्हणजे जिथे दिव्यांग मुलं इतर मुलांसोबत शिकतात. निरीक्षणं, पाठ, केस स्टडी, साहित्यनिर्मिती. जर्नलं लिहून हात मोडतो, हे खरंच आहे. थर्माकोल आणि वेल्वेट पेपर यांवर माझा किती खर्च झाला ते घरी कधी सांगितलेलं नाही.

एका मुलाचं उदाहरण देते. वय 11, बोलणं दोन-तीन शब्दांचं, हसरा. मला त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, करायचा होता. मी उद्दिष्ट लिहिलं होतं, 'मूल कपडे घालण्यात स्वावलंबी होईल.' मार्गदर्शक मॅडमनी लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, "स्वावलंबी झाला हे मला कुठे दिसेल?" मग एफएसीपी ही तपासणीसूची घेऊन बसलो. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली ही यादी आपल्याकडे बहुतेक शाळांत वापरतात. त्यात प्रत्येक कृतीपुढे मूल ती आपली आपण करतं, खूण केल्यावर करतं, तोंडी सांगितल्यावर करतं की हात धरून करवून घ्यावी लागते, याची नोंद करायची असते. एका स्तरावरच्या 80 टक्के गोष्टी आल्या की पुढचा स्तर. त्या नोंदींवरून उद्दिष्ट असं झालं: 'पलंगावर पाठ वर करून पसरलेला टी-शर्ट, तोंडी सूचना दिल्यावर, पाचपैकी चार वेळा घालील.'

मग त्या एका टी-शर्टचे तुकडे. खालची कड दोन्ही हातांनी धरणे, डोकं आत घालणे, गळ्यातून बाहेर काढणे, उजवा हात, डावा हात, खाली ओढणे. आपण हे कधी मोजत नाही. शिकवायला सुरुवात केली ती शेवटून. पाच टप्पे मी करायचे, त्याने फक्त कड पोटावर ओढायची. ओढली की काम संपलं, टाळी, आरशात बघणे. तो ओढण्यात तयार झाला की डावा हातही त्याचा. असं मागून पुढे. शेवटची पायरी मुलाच्या हातून होते, म्हणून प्रत्येक वेळी 'मी घातला' हा आनंद त्याला मिळतो. पुस्तकात हे एका ओळीत आहे. वर्गात बघितलं तेव्हा मला पटलं.

तरी घरी प्रगती शून्य. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ताई, आठला रिक्षा येते. त्याच्या बापाचा डबा, धाकटीची वेणी. मीच घालते पटकन." यावर काय बोलणार? आम्ही संध्याकाळची वेळ ठरवली. शाळेतून आल्यावर कपडे बदलायचे तेव्हा घाई नसते. आयईपीत 'घरचा सहभाग' असा एक रकाना असतो, तो बहुतेक जण 'पालकांनी सराव घ्यावा' असं लिहून भरतात. तसं लिहू नका. कोण घेणार, कधी घेणार, ते विचारून लिहा.

पैशांच्या पाठाबद्दलही सांगायला हवं. व्यावसायिक गटातल्या मोठ्या मुलांना नाणी ओळखायला शिकवायची असतात. आम्ही विद्यार्थी पुठ्ठ्याची सुबक नाणी कापून नेतो, परीक्षकही साहित्य छान म्हणतात. त्या पुठ्ठ्यांवर पास झालेलं मूल टपरीवर अडकतं. पाच रुपयांची नाणी पिवळीही आहेत आणि जुनी जाड पांढरीही. एक आणि दोनच्या नाण्यांत तर आपणही फसतो. वर आता बारा कोनांचं वीसचं नाणं. खरी चिल्लर आणि खरं दुकान घेतल्याशिवाय हा पाठ होत नाही, असं माझं ठाम मत आहे. साहित्याच्या गुणांसाठी पुठ्ठे करा हवं तर, पण शिकवताना पिशवीत सुटे पैसे ठेवा.

आता नोकरी. पदवीनंतर पहिलं काम म्हणजे परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव. त्या क्रमांकाला सगळे सीआरआर नंबर म्हणतात. 1992 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे, आणि नोंदणीचं नूतनीकरणही करावं लागतं. त्यासाठी सीआरई, म्हणजे नोकरीत असताना शिकत राहण्याच्या, कार्यशाळांचे गुण जमवायचे. कार्यशाळेची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको.

वाटा साधारण चार. अनुदानित विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात. तिथे वेतनश्रेणी मिळते, पण जागा क्वचित निघतात आणि विनाअनुदानित शाळांत पगार तुटपुंजा असतो. समग्र शिक्षा अभियानात तालुक्यातल्या शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक असतात, वर्षानुवर्षं कंत्राटी. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या निकालात विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वर पंधरामागे एक असावं असं सांगितलं. त्यानंतर 2024 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर (शाळांच्या समूहाच्या पातळीवर) विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, तेव्हा थोडी हालचाल दिसली. जाहिरातींवर लक्ष ठेवा, पण फक्त त्या भरवशावर बसू नका. तिसरी वाट खासगी शाळांची. सीबीएसईने 2015 मध्ये संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमायला सांगितलं, त्यामुळे शहरांत रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना वेगळी मदत देण्याच्या शाळेतल्या खोलीत, जागा असतात. मुलाखतीत एकच विचारा: मी मुलांसोबत असेन, की बदली तासिका भरणार आहे? एका शाळेत माझी मैत्रीण वर्षभर गैरहजर शिक्षकांचे तास घेत होती. चौथी वाट घरी जाऊन सेशन घेण्याची. पैसे बरे, वेळ आपली, मात्र पहिली दोन-तीन वर्षं तरी शाळेतच काढा. एकट्याने काम करताना तुमच्या नोंदी तपासणारं कुणी नसतं.

अर्ज भरायच्या आधी दोन गोष्टी करा. वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत, मुख्याध्यापकांची परवानगी काढून, सकाळच्या प्रार्थनेपासून सुटेपर्यंत बसा. डबा खाण्याची आणि शौचालयाची वेळ चुकवू नका. बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत निम्मं शिक्षण तिथेच चालतं, आणि ते जमणार नाही असं वाटलं तर आत्ताच कळलेलं बरं. दुसरं, कॉलेजला प्रत्यक्ष जाऊन विचारा की प्रात्यक्षिकाची शाळा कोणती, किती लांब, आणि पाठाला मार्गदर्शक वर्गात बसतात की जर्नलवर नुसती सही करतात. परिषदेची त्या शाखेची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. फलकावर लिहिलेलं धरून चालू नका. उत्तर देताना ऑफिसातला माणूस चुळबुळ करू लागला, तर शुल्क भरण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. कँटीनमध्ये जर्नलं पूर्ण करत बसलेल्या असतात, त्या सगळं सांगतात.