सोसायटीच्या आवारातील कुंड्या चोरीपासून कशा जपाव्यात

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या इमारतीच्या फाटकाजवळून अडेनियमच्या (फुगीर खोडाच्या शोभेच्या झाडाच्या) दोन कुंड्या एका रात्रीत नाहीशा झाल्या. बीपासून वाढवलेल्या त्या झाडांची हळहळ अजूनही वाटते. मात्र दोन्ही कुंड्या प्लॅस्टिकच्या होत्या, कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरलेल्या होत्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्याच्या सहज हाताशी होत्या, हे नंतर ध्यानात आले.

म्हणून पहिला विचार वजनाचा करावा. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते आणि ओली माती लिटरमागे दीड किलोच्या आसपास भरत असल्याने नुसत्या मातीचेच वजन वीस किलोंच्या पुढे जाते; कोकोपीटची कुंडी त्या मानाने फारच हलकी राहते. आपल्या कृष्णाकाठची काळी माती वजनाला उत्तम असली तरी एकटी वापरू नये, कारण ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीत जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. वजन वाढवण्यासाठी तळाशी दगडांचा जाड थर देणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यामुळे मुळांची जागा घटते. त्यापेक्षा पाच लहान कुंड्यांतील झाडे सिमेंटच्या एका मोठ्या कुंडीत एकत्र लावावीत. गच्चीवर किंवा पुढे आलेल्या गॅलरीत मात्र असे वजन अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवू नये.

वजनाने भागत नसेल तर कुंडी जखडावी, आणि हे काम माती भरण्यापूर्वीच करावे लागते. तळाच्या एका छिद्रातून गॅल्व्हनाइज्ड साखळी किंवा तारेचा दोर ओवून त्याचे आतले टोक छिद्रापेक्षा बऱ्याच लांब अशा लोखंडी सळईच्या तुकड्याला पक्के बांधावे, म्हणजे कुंडी उचलताच सळई तळाला आतून अडकते. बाहेरचे टोक काँक्रीटमध्ये बसवलेल्या कडीच्या अँकर बोल्टला कुलपाने जोडावे. फरशीच्या तुकड्यात किंवा नुसत्या गिलाव्यात बसवलेला बोल्ट दोन हिसक्यांत निघून येतो. निचऱ्यासाठी उरलेली छिद्रे मोकळी राहिली पाहिजेत, म्हणून कुंडी विटांच्या तुकड्यांवर थोडी उचलून ठेवावी. ज्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग केले आहे तेथे ड्रिल मारू नये. तेथे दोन-तीन कुंड्या एकमेकींना आणि जवळच्या रेलिंगला साखळीने जोडाव्यात. सामाईक जागेत भोक पाडण्यापूर्वी सोसायटीच्या समितीची लेखी संमती घ्यावी.

भाजलेल्या मातीच्या कुंडीला हा ताण सोसत नाही. ती आतल्या बाजूला, जिन्याच्या वळणावर ठेवावी. बोन्साय, अडेनियम अशी मोलाची झाडेही फाटकापाशी न ठेवता दिव्याच्या उजेडात आणि वॉचमनच्या नजरेच्या टप्प्यात असावीत; फाटकाशी जास्वंद किंवा कण्हेर पुरेशी शोभते.

प्रत्येक कुंडीच्या बाजूला आणि तळाला ऑइलपेंटने इमारतीचे नाव लिहावे व झाडाचे जवळून छायाचित्र काढून ठेवावे. अडेनियमच्या खोडाची ठेवण प्रत्येक झाडागणिक निराळी असल्याने ते छायाचित्र ओळख पटवण्यास विशेष उपयोगी पडते. चोरी झाल्यास वस्तू लहान म्हणून गप्प न बसता पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीचाही विचार झालेला आहे, आणि प्रथमच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे.

पावसाळा संपल्यावर साखळीचे दुवे आणि कुलूप एकदा तपासावे व गंजलेला दुवा लगेच बदलावा.