बेटावरचा नकोसा शेजारी कसा घालवायचा: अॅनिमल क्रॉसिंगवाल्यांसाठी

आधीच सांगून टाकतो, अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स या गेममध्ये तुमच्या बेटावर प्राणी शेजारी म्हणून राहतात, आणि जाळीने डोक्यात मारून त्यातलं कोणी बेट सोडून जात नाही. घराभोवती कुंपण घालून पण नाही, दारासमोर खड्डे खणून पण नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास गेला की दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नसते, पोरं सगळी पंख्याखाली स्विच (निन्टेंडोचा हातातला गेम कन्सोल) घेऊन बसतात, आणि मग कोणाचा तरी चुलतभाऊ येतो आणि सांगतो की अरे रोज तीन फटके मार, आठवड्यात पळतो तो. नाही पळत भो. तो फक्त चिडतो, दोन मिनिटं पाय आपटतो आणि पुन्हा तिथंच. न्यू होरायझन्स मार्च 2020 मध्ये आला तेव्हापासून हे असले उपाय फिरतायत आणि अजून संपत नाहीत.

दुसरी अफवा इसाबेलची. ही बेटाच्या कचेरीत, म्हणजे रेसिडेंट सर्व्हिसेसमध्ये बसते, तिथं जाऊन तिच्याकडे एखाद्या शेजाऱ्याची तक्रार करता येते, हा कपडे कसले घालतो, हा बोलतो कसा वगैरे, आणि बऱ्याच जणांना वाटतं की तीन-चार तक्रारी झाल्या की नोटीस निघते. इथं ग्रामपंचायत नाहीये बाबा. तक्रारीने काय होतं तर तुम्हीच त्याला दिलेला टीशर्ट जातो नाहीतर तुम्हीच शिकवलेला तकिया कलाम पुसला जातो आणि तो मूळ बोलण्यावर येतो. म्हणजे कोणी आगाऊपणे एखाद्याला काहीतरी वंगाळ बोलायला शिकवून ठेवलं असेल तर तेवढ्यापुरतं इसाबेल कामाची, हाकलायला नाही.

खरे रस्ते तीनच आहेत: डोक्यावरचा बुडबुडा, कॅम्पसाइटचा तंबू आणि अमीबो कार्ड (एखाद्या शेजाऱ्याचं, गेमला लावून त्याला बोलवायचं निन्टेंडोचं कार्ड). बेटावर जास्तीत जास्त 10 शेजारी राहतात, आणि नोव्हेंबर 2021 चा 2.0 अपडेट आला तेव्हा गेममध्ये एकूण 413 जण झाले, म्हणजे तुमच्या दहाच्या बाहेर चारशे जण रांगेत उभे आहेत, त्यामुळे एकाला घालवलं म्हणून वाईट वाटून घ्यायची गरज नाही. पण कोणाला घालवायचं ते जरा बघून ठरवा. स्वभाव आठ प्रकारचे असतात, लेझी, जॉक, क्रँकी, स्मग हे पुरुषांमधले आणि नॉर्मल, पेपी, स्नूटी, आणि ती मोठ्या ताईसारखी सिस्टरली हे बायांमधले. प्रत्येक स्वभाव वेगळ्या रिअॅक्शन, म्हणजे हावभाव, शिकवतो आणि वेगळ्या डीआयवाय रेसिपी, म्हणजे वस्तू बनवायच्या कृती, देतो, म्हणून आठही स्वभावांचा निदान एकेक जण बेटावर असावा असं माझं मत. तोंड आवडत नाही म्हणून एकुलत्या एक क्रँकीला काढलं तर पुढचा पण क्रँकीच शोधा, नाहीतर नंतर बोंबलत बसाल.

आता बुडबुडा. हा फुकटचा रस्ता आहे, आणि ज्यांच्याकडे कार्ड नाहीत, म्हणजे आपल्याकडचे जवळपास सगळेच, त्यांच्यासाठी हाच मुख्य. मधूनमधून कोणीतरी एक जण बेट सोडायचा विचार करतो आणि तेव्हा तो मान खाली घालून सावकाश चालतो, डोक्यावर विचाराचा ढग दिसतो. ढग इतर कारणांनी पण येतो, कधी त्याला तुम्हाला टोपणनाव द्यायचं असतं, कधी एखादी वस्तू द्यायची असते, त्यामुळे ढग दिसला म्हणजे काम झालं असं नाही, जाऊन बोलावं लागतं. आणि बोलताना ए बटण खटाखटा दाबत सुटायचं नाही. तो म्हणतो की मी नवीन ठिकाणी जायचा विचार करतोय, तुला काय वाटतं, तिथं दोन पर्याय येतात, एक थांब म्हणायचा आणि एक जा म्हणायचा. वाचून निवडा. नको असलेल्याला थांब म्हटलं तर तो आनंदाने उड्या मारत राहतो आणि पुढचा ढग यायला मग काही दिवस जातात.

चूक माणसाच्या डोक्यावर ढग आला तर काय करायचं? थांब म्हणायचं, एवढंच. न्यू होरायझन्समध्ये तुम्ही हो म्हटल्याशिवाय कोणी आपणहून निघून जात नाही, आधीच्या गेमसारखं दोन महिने गेम उघडला नाही म्हणून लाडका गायब असं इथं होत नाही. काही जण बोलतच नाहीत, ढग तसाच ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच्या डोक्यावर जातो का बघतात, ते पण चालतं. मैत्रीचा थोडा हात असतो, ज्याच्याशी दोस्ती जास्त त्याचा नंबर लागायची शक्यता कमी, म्हणून नकोशाशी बोलणं कमी ठेवायला हरकत नाही, पण त्यानेच तो पळेल या भरवशावर बसू नका. नुकताच राहायला आलेला शेजारी पण लगेच निघत नाही, म्हणजे काल आलेल्याचं तोंड बघून आज वैतागून उपयोग नाही.

ज्यांना धीर नाही ते स्विचच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख एकेक दिवस पुढे सरकवतात. बंदी काही नाही त्याला. फक्त घरात टर्निप (भाव चढला की विकायला घेऊन ठेवतात ते सलगम) साठवले असतील तर तारीख मागे आणली की ते सडतात, आणि पुढे नेताना रविवार ओलांडला तरी सडतात, तेव्हा आधी विकून टाका. मला विचाराल तर मी करत नाही, कारण नको असलेला शेजारी गेला तरी बेटाचं सगळं वेळापत्रकच विस्कटतं आणि मग खेळायची मजा जाते. पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

जा म्हटल्यावरचे दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे आणि इथंच बहुतेक लोक गंडतात, म्हणून हे नीट वाचा. गेमचा दिवस रात्री बाराला नाही, पहाटे पाचला बदलतो. आज तुम्ही हो म्हटलं की उद्या तो घरात खोक्यांच्या ढिगाऱ्यात बसलेला सापडतो, जाऊन निरोप घ्या, नसेल घ्यायचा तर नका घेऊ. परवा पहाटे पाचनंतर घर गायब, जागेवर विक्रीचा बोर्ड. या दिवशी, याच दिवशी, नवीन शेजारी शोधायला बाहेर पडायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. जागा मोकळी सोडली की गेम स्वतःच कोणाला तरी आणून बसवतो. त्याहून भारी म्हणजे तुमच्या मित्राच्या बेटावरून नुकताच काढलेला एखादा टाकाऊ प्राणी, जर तुम्ही तिकडे जाऊन आला असाल, तर तुमच्याच मोकळ्या जागेवर येऊन राहू शकतो, म्हणजे त्याची पीडा तुमच्या गळ्यात.

शोधायला दुसऱ्या एखाद्या अनोळखी बेटावर जावं लागतं, आणि त्यासाठी नूक माइल्स टिकिट लागतं, 2000 माइल्सला (गेममध्ये कामं करून मिळणारे पॉइंट) एक. ढग दिसायच्या आधीपासून तिकिटं जमवून ठेवा, खिशात आठ-दहा असली की निवांत फिरता येतं, दहाचे 20000 माइल्स होतात म्हणजे ते एका रात्रीत जमत नाहीत. जागा मोकळी असेल तरच त्या बेटावर कोणीतरी फिरताना भेटतो, सगळी घरं भरलेली असताना गेलात तर फक्त लाकडं तोडून परत या. नको तो भेटला तर त्याच्याशी गप्पा मारायच्या पण राहायला ये म्हणायचं नाही, परत यायचं, दुसरं तिकीट फाडायचं.

इथं एक गंमत आहे जी माहीत असली की डोकं शांत राहतं. बेटावर कोण भेटणार हे ठरवताना गेम आधी प्राण्याची जात निवडतो, आणि मग त्या जातीतला एक. एकूण 35 जाती आहेत. ऑक्टोपस फक्त चार आहेत, मांजरं वीसच्या वर. म्हणजे ऑक्टोपस जातीचा नंबर लागला की तुम्हाला हवा तो यायची शक्यता चारात एक, पण मांजरात रेमंडच हवा असेल तर वीस-बावीस पोरांतून तोच उभा राहिला पाहिजे. म्हणून ज्यांना रेमंड पाहिजे त्यांनी शंभर तिकिटं फाडली तरी गेम खराब आहे असं म्हणू नका. ज्याला नुसतं बेट सजवायचंय त्याने एक यादी करावी, या आठ-दहा जणांपैकी कोणी पण चालेल अशी, आणि पहिला भेटला की घेऊन टाकावा. ये म्हटलं की जागेचा सौदा झाला, दुसऱ्या दिवशी तो घरात सामान लावत असतो, त्याच्या पुढच्या दिवशी बाहेर फिरायला लागतो.

नवीन शेजारी जुन्याच जागेवर येतो हे पण लक्षात ठेवा. जागा आवडत नसेल तर बेटाचा कारभारी टॉम नूक याच्याकडे जाऊन घर हलवायला 50000 बेल्स (गेममधले पैसे) मोजावे लागतात, तो काही कमी करत नाही.

कॅम्पसाइट हा दुसरा रस्ता आणि जरा जुगाराचा. अधूनमधून तंबूत कोणीतरी पाहुणा येऊन थांबतो, त्या एका दिवसापुरता. त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलायचं, तो पत्त्यांसारखा एखादा खेळ खेळायला लावतो, आणि शेवटी इथं राहायला ये म्हणायची संधी मिळते. पण दहाही घरं भरलेली असतील तर तो स्वतःच ठरवतो की कोणाच्या जागी येणार, आणि नेमकं तुमच्या लाडक्याचं नाव घेतो, हे तर ठरलेलंच. नाव चुकीचं आलं तर होकार देऊ नका, ऑटोसेव्ह व्हायच्या आत होम बटण दाबून गेम बंद करायचा आणि पुन्हा उघडून परत गप्पा सुरू, असं बरेच जण करतात. कंटाळवाणं आहे, पण चालतं. बॅरोल्ड, तो चष्मावाला खुरट्या दाढीचा अस्वलाचा बच्चा, माझ्या बेटावर बराच काळ होता, आणि आमच्या घरी सुट्टीला आलेल्या पोरांचं एकच म्हणणं, हाऊ चष्मावाला काढी टाक ना. तो शेवटी अशाच एका पाहुण्यामुळे गेला. तंबूत आलेल्या मेंढीने चार वेळा दुसऱ्यांची नावं घेतली, पाचव्या वेळी बॅरोल्ड म्हणाली आणि सगळी खोली नाचली.

तिसरा रस्ता अमीबो कार्डांचा, आणि तुम्हाला नेमका कोण काढायचा हे बोट दाखवून सांगता येतं असा हा एकच. रेसिडेंट सर्व्हिसेसमधल्या नूक स्टॉपवर कार्ड लावून कॅम्पर बोलवायचा, तो लगेच तंबूत येतो, आणि मग अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलेल्या जावयाची करतात तशी सरबराई करावी लागते. तो एखादी वस्तू मागतो, ती बनवून द्यायची, रेसिपी माहीत नसली तर तोच देतो. असं तीन वेगवेगळ्या दिवशी. तिसऱ्या वेळी वस्तू दिल्यावर राहायला ये म्हटलं की तो विचारतो कोणाच्या जागी येऊ, आणि तुम्ही दहातून नाव निवडता. जुना खोकी बांधतो, नवा येतो, मधे मोकळ्या जागेचा गोंधळच नाही, तिकिटं पण लागत नाहीत. दिवसाला एकच कॅम्पर बोलवता येतो. अडचण एवढीच की आपल्याकडे ही कार्डं दुकानात लटकलेली नसतात, बाहेरून मागवावी लागतात आणि लोक वाटेल ते भाव सांगतात. एका विक्रेत्याकडून माझ्या ओळखीच्या एकाने कार्ड मागवलं तर आलं भलतंच, पैसे पण गेले, त्यामुळे घेताना आधी फोटो नीट मागा.

मित्रांच्या मदतीने पण काम होतं. तुमच्या मित्राच्या बेटावर तुम्हाला हवा असलेला शेजारी खोक्यात बसला असेल त्या दिवशी, तुमच्याकडे मोकळी जागा असेल तर डोडो कोड (मित्राने दिलेला त्याच्या बेटाचा पासवर्ड) टाकून तिकडे जायचं आणि त्याच्या घरात जाऊन त्याला आपल्याकडे ये म्हणायचं. यासाठी ऑनलाइन मेंबरशिप लागते आणि दोघांचं वेळापत्रक जुळलं पाहिजे, इथं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, राउटर बंद पडला की कनेक्शन तुटतं आणि मधेच सगळं हवेत. बाकी एकटं खेळायला नेट लागत नाही, लाइट गेली तरी हातातला स्विच चालू असतो.

एका स्विचवर एकच बेट असतं, कितीही प्रोफाइल केल्या तरी सगळे त्याच बेटावर, आणि हे भावंडांच्या घरात फार महत्त्वाचं. जा म्हणायचा अधिकार फक्त मालकाचा आहे असं गेम मानत नाही. धाकट्या बहिणीने स्वतःच्या प्रोफाइलने ढगवाल्याशी बोलून जा म्हटलं तर तुमचा लाडका शेरब बकरा गेला, आणि मग अख्ख्या घराला ऐकू जाईल असा दंगा. सुट्टी लागायच्या आधी घरात बजावून ठेवा: ढग दिसला की हाक मारायची, बोलायचं नाही.

निरोप द्यायच्या आधी एक लोभ मनात ठेवायला हरकत नाही. ज्याच्याशी दोस्ती चांगली आहे त्याला रोज एक भेट गुंडाळून देत गेलं तर कधीतरी तो स्वतःचा फ्रेम केलेला फोटो देतो, आणि तो घरात लावता येतो. म्हणजे आवडणारा पण जागेसाठी काढावाच लागणार असेल तर फोटो आधी मिळवा. आणि सुरुवातीला जे पाच जण येतात, पहिले दोन आणि नंतर टॉम नूकच्या सांगण्यावरून लावलेल्या तीन जागांवरचे, त्यांची घरं आतून साधीच असतात, लाकडी फर्निचर, बस. त्यांच्यातला कोणी खरंच आवडत असेल तर त्याला काढून नंतर कार्डाने परत आणला की त्याचं खरं सजवलेलं घर मिळतं, आणि हॅपी होम पॅराडाइज (गेमची पैसे देऊन घ्यायची जोड) घेतलं असेल तर हे पण करायची गरज नाही, घर तुम्हीच सजवून देऊ शकता.