सिबिल रिपोर्टमधली चूक दुरुस्त करताय? या चुका टाळा

माझ्या भावानं बाईकचं लोन फेडलं, एनओसी म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला घेतला, आरटीओत बोजा पण उतरवला. दीड वर्षानं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे दोन लूम टाकायचे म्हणून बँकेत गेला तर साहेब म्हणाले, सिबिल रिपोर्टमध्ये तुमचं जुनं खातं अजून चालू दिसतंय आणि वर १,१८० रुपये थकबाकी. त्याचं तोंडच उतरलं.

मग घाईत तो एका एजंटकडे गेला, "सिबिल साफ करून देतो" म्हणून साडेतीन हजार घेतले त्यानं, ओटीपी पण घेतला. असं अजिबात करू नका, तक्रार ब्युरोच्या, म्हणजे सिबिलसारख्या लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, वेबसाईटवर फुकटात टाकता येते आणि ओटीपी दिला म्हणजे अख्खा रिपोर्ट परक्याच्या हातात गेला.

त्या एजंटनं लिहिलं काय तर "स्कोअर कमी आहे, वाढवून द्या". अहो, स्कोअरवर तक्रार होत नाही, नोंदीवर होते. कुठलं खातं, त्यात नक्की काय चुकलंय, थकबाकीची रक्कम का बंद झाल्याची तारीख का हप्ता उशिरा दाखवलाय, ते नेमकं सांगा.

सगळ्यात मोठी गफलत इथंच होते, लोकांना वाटतं ब्युरो दुरुस्ती करतं. ब्युरो स्वतःहून काही बदलू शकत नाही, ते कर्ज देणाऱ्याला विचारतं, आणि त्यानं "आमचं बरोबर आहे" म्हटलं की तक्रार बंद. भावाचं हेच झालं, कारण फायनान्स कंपनीच्या सिस्टीममध्ये जुना चेक बाउन्सचा चार्ज पडून होता. म्हणून आधी फायनान्सवाल्यांकडून खात्याचं स्टेटमेंट मागवा, एनओसी जोडून त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. फोनवर बोललेलं कुठं राहत नाही, लेखीच पाहिजे. आणि सेटलमेंट केली असेल, म्हणजे ठरवून कमी पैसे भरून खातं मिटवलं असेल, तर "सेटल्ड" ही नोंद खरीच असते, ती चूक म्हणून टाकू नका.

लोन कालच बंद केलं असेल तर तीन-चार आठवडे थांबा, माहिती अपडेट व्हायला वेळ लागतो.

तक्रारीचा नंबर जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, २६ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जाता येतं, पण आधी कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा लागतो.

आणि नुसतं सिबिल बघून थांबू नका, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क पण आहेत, चौघांकडनं वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही.

भावाची सिबिलमधली नोंद दुसऱ्या तक्रारीत २३ दिवसांत नीट झाली. मग बाकीचे तीन रिपोर्ट काढले तर एकात अजून तेच १,१८० रुपये, त्याची तक्रार काल रात्री आम्ही दोघांनी बसून टाकली.