मसाई माराला जाताय? मग बॅग अशी भरा

सगळ्यात आधी बॅग कुठली ते ठरवा. नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून छोट्या विमानाने माराला, म्हणजे केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात, जाणार असाल तर माणशी साधारण 15 किलोच सामान चालतं, हँडबॅग धरून, आणि कडक ट्रॉली बॅग त्या विमानात नीट बसत नाही, म्हणून मऊ डफल बॅगच घ्या.

मग कागदपत्रं. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा, कारण परत येताना भारतात ते बघतात आणि नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

आता कपडे, आणि इथेच आपले लोक फसतात. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून सगळं कॉटनचं भरतात, पण मारा समुद्रसपाटीपासून 1500 मीटरच्या वर आहे. ऑगस्टमध्ये पहाटे सहाला छत उघडलेल्या जीपमध्ये उभं राहिलं की वारा कानात शिरतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि दुर्बीण धरलेली बोटं आखडतात. मी पहिल्या दिवशी कानटोपी रूमवर ठेवून गेले होते, सिंहीण समोर होती आणि माझे दोन्ही हात कानांवर! तेव्हा टीशर्ट, त्यावर फ्लीसचं मऊ ऊबदार जॅकेट, त्यावर विंडचीटर असं एकावर एक घाला, दहा वाजेपर्यंत एकेक उतरतंच. रंग खाकी किंवा मातकट. काळ्या आणि गडद निळ्यावर त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या येतात, आणि मिलिटरीसारखे कपडे तर नकोच.

दुर्बीण माणशी एक, 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) छान. दोघांत एक नेली तर झाडावरचा बिबट्या तुमची पाळी येईपर्यंत उतरून गेलेला असतो, खरंच.

कॅमेऱ्यासाठी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून रिकामीच न्या, तिकडे दोन किलो तांदूळ भरले की जीपच्या कडेवर लेन्स टेकवायला मस्त उशी होते. धूळ भयंकर असते, जीपमध्ये लेन्स बदलू नका.

आपल्याला चपला, ओले कपडे, सगळंच कॅरीबॅगमध्ये गुंडाळायची सवय, पण केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. कापडी पिशव्या घ्या, आणि पाण्याला स्टीलची बाटली. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. ड्रोन घरीच ठेवा.

भाकरवडी, चिवडा जरूर न्या, फक्त घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तंबूची चेन पूर्ण लावूनच बाहेर पडा, माकडं आत शिरतात.