हळव्या भाताची राखण: थवा हाकण्याआधी चोच बघा

गणपती गेले की कोकणात हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताचा दाणा दुधात येतो (आत पांढरा चीक भरतो) आणि मळ्यात पाखरं उतरायला लागतात. मग डबे वाजतात, गोफण फिरते, कोणी बारीक जाळंही टाकतं. त्याआधी दोन मिनिटं बांधावर थांबून बघा. खाचरातलं प्रत्येक तपकिरी पाखरू भातासाठी आलेलं नसतं.

रंग फसवतो, म्हणून आधी चोच बघायची. जाड, त्रिकोणी चोच दाणा फोडणाऱ्याची. बारीक, टोकदार चोच किडे टिपणाऱ्याची.

जाड चोचीत पहिली मुनिया. ठिपकेवाल्या मुनियेचा गळा गर्द तपकिरी आणि पांढुरक्या पोटावर खवल्यांची नक्षी असते. पण आत्ताच्या थव्यांत यंदाची पिल्लं पुष्कळ असतात. त्यांच्या अंगावर खवल्यांचा मागमूस नसतो, सगळं अंग फिकट तपकिरी. अनेकांना तो वेगळाच पक्षी वाटतो. पांढऱ्या पाठीची मुनिया उडाली की शेपटीच्या वर पांढरा पट्टा चमकतो. रानाच्या कडेच्या खाचरांत ती जास्त दिसते. दोघीही लोंबीला लटकून दाणा काढतात आणि चाहूल लागली की अख्खा थवा एकदम उठून जवळच्या बांबूच्या बेटात किंवा कुंपणात शिरतो.

दुसरी सुगरण. पिवळ्या टोपीचा नर कोणीही ओळखेल, पण मादी आणि विणीनंतरचा नर घरचिमणीच्या मादीसारखेच दिसतात. सुगरणीची चोच जास्त दणकट, शेपूट आखूड आणि भुवई पिवळट. सुगरण दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना किडे, अळ्या भरवते. माडावरची खोपी पाडू नका, त्यात आपलाच तोटा.

बारीक चोचीत वटवट्या. लांब शेपूट उभी धरून एकटा किंवा जोडीने ताटांतून सरकत राहतो. राखी वटवट्या की साधा, या वादात शेतकऱ्याने पडायची गरज नाही. दोघेही किडेच खातात. तिरचिमणीच्या पाठीवर चिमणीसारख्या रेघा असतात, पण ती टुणटुण उड्या न मारता बांधावरून पळते आणि शेपूट हलवते. थंडीच्या चाहुलीबरोबर धोबी आणि गप्पीदास ही पाखरं येतील, त्यांनाही राहू द्या.

पाखरं दिसली म्हणजे नुकसान त्यांनीच केलं असंही नाही. दाणा चिरडलेला, तूस लोंबीलाच चिकटलेलं आणि त्यावर दुधाचे पांढरे डाग असतील तर ते मुनियेचं किंवा सुगरणीचं काम. दाणा अखंड पण पोचट आणि त्यावर तपकिरी ठिपका असेल तर लोंबीवरचा ढेकण्या. अख्खी लोंबी पांढरी, ताठ आणि ओढल्यावर सहज हातात येत असेल तर खोडकिडा. तुटलेल्या लोंब्या खाली पडलेल्या दिसल्या तर बुडख्याशी लष्करी अळी शोधा. ती रात्री कुरतडते आणि दिवसा लपते. या तिन्हींवर डबा वाजवून उपयोग नाही.

राखण दुधाळ अवस्थेपासून दाणा घट्ट होईपर्यंतच कडक हवी, तीही सकाळी उजाडल्यावर आणि उन्हं कलताना. दुपारी माणूस बसवून ठेवणं म्हणजे मजुरी वाया. चमकणारी फीत पिळा देऊन पिकाच्या थोडी वर ताणा, म्हणजे वाऱ्यावर ती लकाकते आणि वाजते. भात निसवण्याआधीच, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधीच लावली तर पाखरं तिला सरावतात. दुधाच्या वेळी लावा आणि दर काही दिवसांनी जागा बदला. बुजगावण्याचंही तेच. शेजाऱ्यांनी एकाच मुदतीची वाणं लावली तर मार वाटला जातो. सगळ्या मळ्यात एकट्याचंच कर्जत ३ हे हळवं वाण आधी निसवलं, तर सगळे थवे तिथेच बसणार. यंदा उशीर झाला, पण पुढच्या पेरणीआधी हे बोलून ठेवा.

बारीक नायलॉनचं जाळं मात्र नकोच. त्यात वटवट्या अडकतो, धामणही अडकते, आणि उंदीर खाणारी धामण गेली की खळ्यावर त्रास वाढतो. शिवाय मुनिया पकडणं, विकणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. विषारी दाणे टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला वाटेला लावा.

हळवं कापून झालं की फीत गुंडाळून ठेवा. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात दुधात येईल तेव्हा हेच थवे तिकडे वळतील, आणि वायंगण, म्हणजे उन्हाळी भात करणाऱ्यांना ती फीत पुन्हा लागेल.