जुन्या जपानी गाडीला जादा दिवे: रिलेची जोडणी
५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअरहून जास्त करंट ओढतात. तो जुन्या स्विचमधून नेलात तर स्विच वितळलाच म्हणून समजा. रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवाच: त्याच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरीची तार, तिच्यावर बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून दिव्यांना २.५ चौरस मिमीची तार.

खरी मेख पुढे आहे. अनेक जुन्या टोयोटांत हेडलाइटचा अप्पर-डिपर स्विच पॉझिटिव्ह नव्हे, अर्थिंग तोडतो-जोडतो. ८५ आणि ८६ ही रिलेच्या कॉइलची, म्हणजे तो चालू करणाऱ्या गुंडाळीची टोकं; त्यातलं ८५ थेट बॉडीला लावलं की अप्पर असो वा डिपर, जादा दिवे पेटलेलेच. म्हणून ८५ अप्परच्या तारेला, ८६ हेडलाइटच्या कॉमन पॉझिटिव्हला; डॅशवरचा स्विच मधे.

दिव्यांच्या अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, वर ग्रीस. मिणमिणते दिवे बहुधा इथेच अडकतात.